शंभर किलोमीटरनंतर या

वरचा आधी, खालचा मग,
डावा धरला, उजव्याला बघ;
हबला लावू बोटभर माया,
बोल्टची राहो कोरडी काया…

हा आवाज कोझुएच्या कानात लहानपणीच घर करून बसला होता. गॅरेजच्या गार जमिनीवर उकिडवे बसलेले बाबा, ओठांत विझलेली सिगारेट, हातात पाना, आणि दातांआडून चाललेलं हे गुणगुणणं. गाणं कसलं, चाकाचे नट कुठल्या क्रमाने आवळायचे ते पोरीच्या ध्यानात राहावं म्हणून जुळवलेल्या चार ओळी. त्यातली माया म्हणजे तांब्याची पूड घातलेलं ग्रीस. डब्यावर अँटी-सीझ असं लिहिलेलं असायचं, पण बाबांनी त्याला कधी त्या नावाने हाक मारली नाही.

उत्तर जपानात, त्सुगारूकडे, हिवाळाभर रस्त्यांवर मीठ फेकतात. ते खारं पाणी चाकामागे शिरतं, आणि चाक नि ते ज्यावर बसतं तो हब गंजून एकमेकांना असे धरून बसतात की ऋतू पालटला, टायर बदलायची वेळ आली, तरी सुटायचं नाव नाही. दोघांच्या मध्ये त्या तांबेरी ग्रीसचा पातळ थर असला म्हणजे हिवाळाभर घट्ट बसलेलं चाक वेळ आल्यावर न दुखता हाती येतं. मात्र ते लावायचं हबला. बोल्टच्या आट्यांना लागलं, तर नट किती आवळला गेला याचा अंदाजच चुकतो. "माया जागेवर हवी, कोझुए," बाबा म्हणायचे. "नको तिथे लागली की घात करते."

बाबा गेले, त्यालाही आता काही हिवाळे लोटले. दारावरची 'सासामोरी' ही आडनावाची पाटी तीच राहिली, पाने तेच राहिले. गावातली माणसं गाड्या आणत, पण गाडी न्यायला आली की चाकाला हळूच पायाने ढकलून बघत. बाबांच्या वेळी असं कुणी केलं नव्हतं. कोझुए ते बघायची, आणि बोलायची काहीच नाही. न बोलणं हा तिचा जुनाच गंज होता.

*

तो आला तेव्हा पावसात बर्फ मिसळून पडत होता. आधी आला त्याचा बाजा. वस्त्या-वस्त्यांवर फिरणाऱ्या दुकानगाडीच्या भोंग्यावरची ती लाडिक धून, थंडीने मध्येच अडखळणारी… आणि मग ती बुटकी पांढरी गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. मागच्या फळ्यांवर तोफू, मासे, मुळे, लोकरीचे मोजे, औषधाचे पट्टे. सगळं एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखं.

त्याचं नाव इकुया नारिता. उन्हाळ्यात समुद्राकडून आलेला. म्हाताऱ्या दुकानदाराने गुडघ्यांपायी सोडून दिलेली घाटापलीकडची फेरी याने घेतली होती. त्याला बर्फाचे टायर चढवायचे होते, आणि मागचं डावं चाक काही निघत नव्हतं.

"चारही नट काढले हो," तो म्हणाला, "तरी ते बसलंय रुसून."

कोझुएने वाकून पाहिलं. गंजाने चाक आणि हब एक झाले होते. तिने गाडी उचलून लोखंडी घोडीवर टेकवली, नट नुसते अडकवून ठेवले, हातोड्याने चहूकडून ठोकून पाहिलं. चाक ढिम्म. शेवटी ती जमिनीवर बसली, हात मागे टेकले आणि टायरवर सरळ टाच मारली.

तो बघतच राहिला. मग कानाची पाळी ओढत म्हणाला, "मी… मी पण मारू का?"

"गाडी तुमची. मारा की."

तोही शेजारी बसला. तिची टाच उजवीकडे, त्याची डावीकडे. दोघं आपापल्या वेळी मारत होते तोवर काही झालं नाही. मग त्याने हलकेच "हं…" असं म्हणायला सुरुवात केली, आणि त्या 'हं'वर दोघांच्या टाचा एकदम बसू लागल्या. कुठेतरी आत करकरलं. चाक सुटलं, आणि इकुया उताणा पडला. डोक्यावर फळीवरचा मोज्यांचा गठ्ठा.

"लागलं का?"

"नाही. मोजे घ्यायचेच होते."

ती हसली. कितीतरी दिवसांनी त्या गॅरेजात कुणी हसलं होतं.

तारेच्या ब्रशने तिने हबवरचा गंज घासून काढला, खालचं लोखंड राखाडी, स्वच्छ दिसेपर्यंत. मग डबा उघडला. तांबेरी ग्रीस दिव्याखाली चमकलं आणि त्याचं बोट आपसूक पुढे आलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "हे एकदा लागलं की पाठ सोडत नाही. आधी बोटाला, मग दाराच्या मुठीला, संध्याकाळपर्यंत बायकोच्या उशीला."

"बायको नाही."

"मग मांजराला."

"मांजरही नाही…" तो थांबला. कानाची पाळी ओढली. "अजून तरी."

आणि त्याच्या कानाच्या पाळीवर तांब्याचा एक टिपका उमटला, बाळीसारखा. बोट लावून झालंच होतं तर. कोझुएला इतकं हसू आलं की तिला मान फिरवावी लागली. हातात ग्रीसचा ब्रश तसाच होता. त्या एका क्षणात ब्रश कुठे टेकला, कुठे नाही, तिने पाहिलं नाही. तिने नुसतं फडकं पुढे केलं आणि कानाकडे बोट दाखवलं.

नट आवळून झाले. टॉर्क पान्याने प्रत्येक नटावर 'टक' असा आवाज दिला, म्हणजे नेमकं पुरेसं.

"शंभर किलोमीटरनंतर या," ती म्हणाली. इकडे प्रत्येक गॅरेजवाला प्रत्येकाला हेच सांगतो. नवं चढवलेलं चाक थोडं चालून बसतं, म्हणून नट पुन्हा एकदा आवळून द्यायचे असतात. पण त्याने मान अशी हलवली जणू कुणी मुहूर्त काढून दिला.

*

तो आला. नट घट्ट होते. चार चाकं, तोच क्रम, टक, टक. दोन मिनिटांचं काम. तिने पाना पुसून खिळ्यावर अडकवला.

"आता पुन्हा शंभरनंतर?" त्याने विचारलं.

खरं तर इथे सांगायला हवं होतं, की एकदाच पुरतं, आता वसंतापर्यंत काळजी नाही. शब्द ओठांपर्यंत आलेही. छपरावरून बर्फाचा एक ढीग घसरून अंगणात धप्पकन पडला, आणि तेवढ्यात तिच्या तोंडून निघालं, "हं… या."

मग तो येतच राहिला. कधी डाग पडलेलं सफरचंद आणायचा. विकायला लाज वाटते म्हणे, तुम्हीच खा. कधी घाटापलीकडच्या शिगे आजींनी दिलेला मुरवलेला मुळा. त्या म्हातारीने निरोपही धाडला होता, आमच्या दुकानाला पाय देणारी मुलगी बारीक आहे की जाड ते सांग, म्हणजे त्या मापाचा बनियन विणते. इकुयाने हे सांगितलं आणि स्वतःच कान ओढू लागला. कोझुए म्हणाली, त्यांना सांगा, मुलीचं माप घ्यायला मुलगी दुकानात विकायला नाही. ते ऐकून तो इतका शरमला की तोफूचे सुटे पैसे न घेताच निघाला, आणि ती त्याच्या गाडीमागे फाटकापर्यंत धावली.

बाज्याची धून वळणावर ऐकू आली की तिचा हात केसांकडे जायचा. मग ती स्वतःवरच चिडायची आणि हाताला लागलेलं तेल केसांना लावून घ्यायची.

पहिला दाट बर्फ पडून गेल्यावरची गोष्ट. नेहमीसारखी ती मागच्या डाव्या चाकापाशी बसली, चाकाची टोपी काढली, नटावर पाना लावला. 'टक' आलाच नाही. पाना फिरत गेला. फिरत गेला… आणि मग कुठे टक.

तिने पाना उचलून पुन्हा त्याच नटावर लावला.

"काय झालं?" मागून त्याने विचारलं.

"काही नाही. बघते."

एवढंच बोलली. तिचा चेहरा कामात असताना असाच कोरा व्हायचा, म्हणून त्यालाही काही कळलं नाही.

तो गेल्यावर ती तिथेच बसून राहिली. डोळ्यांसमोर तो पहिला दिवस, कानावरचा टिपका, फिरवलेली मान, हातातला ब्रश. बोल्टला लागलं असेल का? हसताना, त्या एका क्षणात? बाबांच्या हातून आयुष्यात एकही नट सैल झाला नव्हता.

पुढच्या खेपेला तिने ते चाक उतरवलं. बोल्टच्या आट्या फडक्याने आणि ग्रीस काढायच्या द्रवाने कोरड्या ठणठणीत केल्या. नट नवे लावले. आवळून झाल्यावर नटापासून चाकापर्यंत रंगाची पांढरी रेघ ओढली, नट फिरला तर रेघ तुटेल म्हणून. इकुयाला सांगितलं, असंच, सवय आहे.

तो परत आला तेव्हा रेघ तुटलेली होती.

तिने शेजारच्या गावातून दुसरा पाना मागून आणला. तिच्या पान्याशी ताडून पाहिला, दोन्ही बरोबर होते. रस्ता तोच, गाडी तीच, बाकीचे सगळे नट जागच्या जागी. एकच नट, त्याच चाकाचा. पुन्हा आवळला. पुन्हा रेघ ओढली. पुन्हा तुटली.

आता बाज्याची धून वळणावर आली की तिचा हात केसांऐवजी पान्याकडे जायचा. घाटातला तो उतार तिच्या डोळ्यांपुढे यायचा, एका बाजूला बर्फाची भिंत, दुसऱ्या बाजूला काही नाही. त्या उतारावर तोफूची ती बुटकी गाडी, आणि गाडीच्या मागच्या डाव्या चाकात आपल्या हातची चूक. एक नट सैल झाला की भार उरलेल्या तिघांवर. मग ते तिघेही दमतात.

दुसऱ्यांच्या गाड्या आल्या तरी ती एकेक नट पुन्हा पुन्हा तपासू लागली. हिरोसाकी शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने तिला मागेच विचारलं होतं, हिशेबाच्या खिडकीत बसायला याल का. तेव्हा ती हसली होती. आता ती रोज त्या फोन नंबरकडे बघायची. ज्या हातावर आपलाच भरवसा नाही, त्या हाताने पाना धरू नये, हेही बाबांनीच शिकवलं होतं.

*

त्या दिवशी सकाळपासून बर्फ असा पडत होता की अंगणातलं सफरचंदाचं झाड पुसून गेलं होतं. कोझुएने ठरवलं होतं. तो आला की सांगायचं, आणि दुपारी फोन करायचा.

धून ऐकू आली. जवळ आली. गाडी आत घेऊन त्याने बाजा बंद केला, आणि गॅरेजात एकदम सगळं शांत झालं. तो टोपीवरचा बर्फ झटकत उतरला. हातात सफरचंद होतं, यावेळी डाग नसलेलं.

"आज घाटात जाणार?" तिने विचारलं. पाना खिळ्यावरच होता. तिने हात लावला नव्हता.

"जायलाच हवं. उद्यापासून रस्ता बंद करतील म्हणतात. शिगे आजींचं औषध आहे."

"मग आधी हिरोसाकीला जा. तिथे मोठं गॅरेज आहे. मागचा डावा हब उघडून बघायला सांगा त्यांना."

"हिरोसाकी तर उलट दिशेला…" तो हसायला गेला, पण तिचा चेहरा पाहून हसू अर्ध्यात राहिलं. "तुम्हीच बघा ना."

"मी नाही बघणार." ती सावकाश बोलली. "त्या चाकाचा नट दर खेपेला सैल होतोय. मी सगळं करून पाहिलं. पहिल्या दिवशी बोल्टला ग्रीस लागलं असेल माझ्या हातून. आता आटी खराब झाली असेल, बोल्ट ताणला असेल, मला कळत नाही. मला कळत नाही हेच खरं. गॅरेज बंद करतेय मी, नारिता-सान. दुपारी फोन करून त्यांना हो म्हणणार आहे."

"कशाला हो?"

"खिडकीतल्या नोकरीला."

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. सफरचंद त्याने कुठेतरी ठेवलं. ते घरंगळलं, त्याला पत्ता नव्हता. हात कानाकडे गेला, आणि पाळी धरून तिथेच थांबला.

कोझुए बघत होती. त्याच्या कानावर तांब्याचा टिपका होता. ओला, ताजा, दिव्याखाली चमकणारा. आज तिने डबा उघडला नव्हता. चाकाची टोपी काढली नव्हती. त्या गाडीवर ते ग्रीस एकाच ठिकाणी होतं, चाकाच्या मधल्या भोकाशी, टोपीच्या आत. तिथे बोट घातल्याशिवाय ते कुणाच्या कानाला लागत नाही.

तिने फडकं उचलून त्याच्यापुढे धरलं. बाहेर बर्फ पडत होता, आवाज न करता.

"कान पुसा," ती म्हणाली.

त्याने हात खाली घेतला. बोटांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहायचं त्याला धैर्य झालं नाही.

"फाटकाआधीच्या वळणावर," तो म्हणाला. "तिथे थांबून… एकच नट, पाव फेरा सैल करायचो. तिथून इथवर गाडी पायी चालावं तशी आणायचो. त्याच्यापुढे कधीच नाही, खरंच नाही."

"का?"

"पेट्रोलपंपावर मला सांगितलं, नट पुन्हा एकदाच आवळतात, रोज कोण आवळतं. मला वाटलं, सगळं घट्ट दिसलं की एक दिवस तुम्हीही म्हणाल, आता येऊ नका." त्याने बोटं फडक्याला पुसली. "तुम्ही काहीच म्हणत नव्हता ना. नुसतं 'बघते' म्हणायचात. मला वाटलं, तुम्हाला त्यात काही वाटत नाही."

"काही वाटत नाही?" कोझुए उठली. "माझा हात गेला असं वाटत होतं मला. माझ्या बापाची पाटी उतरवायला निघाले होते मी. रोज डोळ्यांपुढे तुला दरीत बघत होते." आपण 'तू' म्हणून गेलो हे तिच्या कानांना उशिरा कळलं. ते तिने मागे घेतलं नाही. "नट म्हणजे खेळणं आहे का रे? त्या चार नटांवर तू आहेस. म्हातारीचं औषध आहे."

तो मान खाली घालून उभा होता. माफी मागितली, इतक्या हळू की फक्त ओठ हलले.

तिने पाना खिळ्यावरून काढला. टोपी उघडली. वरचा, खालचा, डावा, उजवा. टक. चारही चाकं, एकेक नट, घाई न करता. शेवटचा 'टक' पहिल्यासारखाच नेमका आला. हात कुठेही गेला नव्हता, जिथला तिथेच होता. डोळे मात्र भरून आले, म्हणून ती पाठ करूनच बोलली.

"जा. आजी वाट बघत असतील."

गाडी गेली. धून बर्फात बुडत बुडत गेली, आणि मग नुसता बर्फ राहिला.

*

दुपार झाली. फोन भिंतीवर होता. कोझुए त्याच्यासमोर बसली, उठली, स्टोव्हवर पाणी ठेवलं, उतरवलं. घरंगळलेलं सफरचंद बाकाखाली सापडलं. तिने ते पुसून डब्याशेजारी ठेवलं. राग होता, अजून चांगला तापलेला होता. पण रागाच्या खाली काहीतरी बसलं होतं, बरेच आठवडे घट्ट बसलेलं, आणि आता ते हलवलं नाही तर वसंतातही निघायचं नाही, हे तिला कळत होतं. वडिलांच्या शेवटच्या हिवाळ्यातही ती अशीच गप्प राहिली होती. तुमचं गाणं मला आवडतं, एवढंही तिने कधी सांगितलं नव्हतं.

घाटात आता गाडी कुठे असेल? उतारावर? तिने खिडकीची काच पुसली. ती पुन्हा धूसर झाली. पुन्हा पुसली.

उजेड उतरायला लागला तेव्हा वळणावर बाजा ऐकू आला.

या वेळी गाडी आत आली नाही. फाटकाबाहेर थांबली. इकुया उतरला आणि गुडघाभर बर्फातून चालत आला. दोन्ही हातांवर त्याने काहीतरी आडवं धरलं होतं, भेट द्यावी तसं. त्याच्या गाडीतला पाना होता तो.

"हा तुमच्याकडे ठेवा," तो म्हणाला. "माझ्या हातात नको. आजींना औषध पोचलं. आणि… मी तोंड दाखवायला आलो नाहीये. वसंतात चाकं बदलायची असतील तेव्हाच येईन, तेही तुम्ही घ्याल तर. गॅरेज बंद करू नका. एवढंच सांगायचं होतं."

तो वाकला, आणि वळला.

कोझुए दारात उभी होती. पाना हातात गार लागत होता. त्याच्या अंगावर बर्फ साचत होता, आधी टोपीवर, मग खांद्यांवर. तो फाटकाशी पोचला. त्याचा हात गाडीच्या दाराच्या मुठीला लागला… आणि त्या मुठीवर, जुना वाळलेला, तांब्याचा एक ठसा तिला इथूनही दिसला.

"इकुया."

तो थांबला. या नावाने तिने त्याला कधी हाक मारली नव्हती.

"एकदाच पुरतं," ती म्हणाली. बर्फामुळे आवाज पोचेल की नाही वाटून ती दारातून खाली उतरली. मोजे भिजले. "नट पुन्हा एकदाच आवळायचे असतात. पंपावरचे बरोबर सांगत होते. मला ते दुसऱ्या खेपेपासून माहीत होतं… पहिल्यापासूनच माहीत होतं. तरी मी दर वेळी 'या' म्हणत होते."

तो तिच्याकडे वळला. कानाकडे जाणारा हात अर्ध्यातच राहिला.

"उद्या घाट बंद आहे," कोझुए म्हणाली. "शंभर किलोमीटर होणार नाहीत. नट घट्ट आहेत, मी स्वतः आवळलेत. तरी ये."